मुदतीआधी कानी पडलेले बोल : प्रस्तावना

अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाच्या कानावर माणसांचे बोलणे थेट हवेतून पडू लागते. त्याच गर्भवयाचे, पण अजून पोटात असलेले बाळ तेच बोलणे गर्भजलातून आणि आईच्या हाडामांसातून गाळून आलेले ऐकते. दोघांच्या मेंदूंची घडण जवळजवळ सारख्याच टप्प्यावर असते. कानी पडणारा ऐवज मात्र अगदी वेगळा असतो. अकाली जन्मलेल्या अर्भकांचा मेंदू बोलण्याच्या ध्वनींना कसा प्रतिसाद देतो, या अभ्यासाला त्यामुळे दुहेरी महत्त्व आले आहे. या मुलांना पुढे भाषेत अडचणी येण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, आणि त्या अडचणींची चाहूल लवकर लागली तर उपाय लवकर सुरू करता येतात. दुसरे असे की, भाषेसाठी मेंदूत जी जुळणी लागते ती ऐकून ऐकून घडते की ठरलेल्या क्रमाने आतून तयार होत जाते, हा जुना वाद इथे प्रत्यक्ष तपासून पाहता येतो.

गर्भवय शेवटच्या मासिक पाळीच्या पहिल्या दिवसापासून आठवड्यांत मोजतात. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी झालेला जन्म हा अकाली जन्म. जागतिक आरोग्य संघटना त्याचे तीन गट मानते : २८ आठवड्यांच्या आतला, २८ ते ३२ आठवड्यांमधला आणि ३२ ते ३७ आठवड्यांमधला. २०२० साली जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे मुदतीआधी जन्मली, म्हणजे दर दहा बाळांमागे एकाहून अधिक. त्यांतली सुमारे ३० लाख एकट्या भारतातली होती. इतकी संख्या दुसऱ्या कोणत्याही देशाची नाही. मराठी घरांत अशा बाळाला ‘अपुऱ्या दिवसांचे’ किंवा ‘सातव्यात झालेले’ म्हणतात, आणि त्याला ‘पेटीत ठेवले आहे’ असे सांगतात. सातव्या महिन्यातले मूल जगते, आठव्यातले जगत नाही, हा समजही अधूनमधून कानावर येतो. त्याला आधार नाही. पोटात मिळालेला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाच्या पथ्यावरच पडतो, आणि ऐकण्याच्या बाबतीत तर एकेका आठवड्याचा फरक मोजता येतो.

या विषयात वयाची दोन मापे सतत सोबत वापरावी लागतात. पहिले जन्मतारखेपासूनचे वय. दुसरे दुरुस्त वय, म्हणजे मूल पुऱ्या दिवसांनी जन्मले असते तर आज त्याचे जे वय असते ते. २८ आठवड्यांचे बाळ ठरल्या वेळेच्या १२ आठवडे आधी आलेले असते. जन्माला नऊ महिने होतात तेव्हा त्याचे दुरुस्त वय साधारण सहा महिने असते. पहिले माप बाळाने बाहेरचे जग किती काळ ऐकले ते सांगते, दुसरे माप मेंदू कितपत पिकला आहे ते सांगते. पुऱ्या दिवसांच्या मुलात ही दोन्ही मापे एकत्रच चालतात, म्हणून त्यांतले कोणते काय घडवते हे वेगळे करता येत नाही. अकाली जन्मलेल्या मुलात ती सुटी होतात.

ऐकण्याची वाट कानापासून सुरू होते. आतल्या कानातली कॉक्लिया, म्हणजे शंखासारखी वेटोळी नळी, गर्भाच्या विसाव्या आठवड्याच्या आसपास आकाराने बरीच पूर्ण झालेली असते. तिच्यातल्या केशपेशी, त्यांना जोडणारे मज्जातंतू आणि मेंदूच्या देठातली केंद्रे यांची जुळणी त्यानंतरही चालू राहते. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बर्नहोल्झ आणि बेनासेराफ यांच्या पाहणीत आईच्या पोटाला कंप पावणारा ध्वनिस्रोत टेकवला आणि सोनोग्राफीच्या पडद्यावर गर्भाच्या पापण्या पाहिल्या. पापण्या दचकून मिटण्याची क्रिया २४-२५ आठवड्यांच्या सुमारास प्रथम दिसली आणि २८ आठवड्यांनंतर ती नेमाने दिसू लागली.

कोणते आवाज आधी आणि कोणते नंतर ऐकू येतात, हे १९९४ मध्ये बेलफास्टच्या हेपर आणि शाहिदुल्ला यांनी ४५० गर्भांच्या हालचालींवरून दाखवले. सर्वांत पहिला प्रतिसाद १९व्या आठवड्यात ५०० हर्ट्झच्या स्वराला मिळाला. २७व्या आठवड्यापर्यंत ९६ टक्के गर्भ २५० आणि ५०० हर्ट्झच्या स्वरांना हालचाल करून उत्तर देत होते. १००० आणि ३००० हर्ट्झच्या स्वरांना मात्र तोवर एकानेही प्रतिसाद दिला नव्हता. या उंच स्वरांना सर्व गर्भांचा प्रतिसाद मिळायला ३३ ते ३५ आठवडे उजाडले. म्हणजे कान खर्जाकडून वर उघडत जातो. गर्भाशयाची भिंत आणि पाणीही खर्जाचे आवाज बऱ्यापैकी आत सोडतात आणि उंच आवाज अडवतात. त्यामुळे बाहेर कोणी ‘काका’ म्हणाले की ‘पापा’, हा भेद पोटात पुसट होतो. पण बोलणाऱ्याचा सूर, त्यातले चढउतार आणि ताल आत पोचतात. आईचा आवाज तर हवेबरोबर तिच्या शरीरातूनही येत असल्याने तो सर्वांत ठळक असतो.

या गाळीव शिदोरीचा उपयोग जन्मानंतर लगेच दिसतो. डीकॅस्पर आणि फायफर यांनी १९८० मध्ये नवजात बाळांना चोखणी देऊन, चोखण्याच्या लयीनुसार आईचा किंवा दुसऱ्या स्त्रीचा आवाज ऐकू येईल अशी योजना केली. आईचा आवाज मिळावा म्हणून बाळांनी आपली लय बदलली. १९८८ मध्ये झाक मेहलर आणि सहकाऱ्यांनी चार दिवसांच्या फ्रेंच बाळांना फ्रेंच आणि रशियन बोलणे वेगळे ओळखता येते असे दाखवले. हे सर्व पुऱ्या दिवसांच्या बाळांबद्दल झाले. अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाच्या हाती पोटातली सुरांची शिकवणी अपुरी राहते, आणि उंच आवाजांसह सगळे बोलणे त्याच्या कानावर एकदम येऊन आदळते. त्या वेळी त्याचा मेंदू कोणत्या अवस्थेत असतो, हा पुढचा प्रश्न.

प्रौढ माणसाच्या मेंदूचे बाहेरचे आवरण, म्हणजे कॉर्टेक्स, सहा थरांचे असते आणि त्यावर दाट घड्या असतात. २४व्या आठवड्यात ते जवळजवळ गुळगुळीत दिसते. त्या सुमारास त्याच्याखाली सबप्लेट नावाचा एक तात्पुरता थर असतो. कानाकडून आलेला संदेश थॅलॅमस या मधल्या ठाण्यापर्यंत येतो. तिथून निघालेले तंतू थेट कॉर्टेक्समध्ये शिरत नाहीत. ते काही काळ सबप्लेटमध्ये थांबतात, तिथल्या पेशींशी तात्पुरते संधान बांधतात आणि साधारण २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान वर सरकू लागतात. या थराचे महत्त्व झाग्रेबचे इवित्सा कोस्तोविच यांच्या कामातून पुढे आले. तिसाव्या आठवड्यालाही पुष्कळ चेतापेशी आपल्या अखेरच्या जागी पोचलेल्या नसतात. याच दिवसांत घड्या पडायला लागतात, आणि कानाजवळच्या टेंपोरल भागातल्या काही घड्या उजवीकडे डावीपेक्षा एक-दोन आठवडे आधी उमटतात. मेंदूच्या दोन बाजू बाहेरचे फारसे काही ऐकण्याआधीच एकमेकींहून वेगळ्या होऊ लागलेल्या असतात.

इतक्या लहान जिवाला काही विचारता येत नाही आणि त्याच्याकडून काही करवूनही घेता येत नाही. म्हणून मेंदूच्या खुणांवरच विसंबावे लागते. त्यासाठी दोन साधने विशेष उपयोगी पडली. पहिले ईईजी. डोक्यावर बसवलेले बारीक इलेक्ट्रोड चेतापेशींच्या समूहांतले विजेचे चढउतार टिपतात. सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंतची वेळ त्यातून कळते, पण चढउतार नेमका कुठून आला हे सांगणे कठीण जाते. दुसरे साधन निकट-अवरक्त प्रकाशाचे. हा प्रकाश कातडी आणि हाड भेदून काही अंतर आत जातो. तान्ह्या बाळाची कवटी पातळ असल्याने तो कॉर्टेक्सपर्यंत सहज पोचतो. मेंदूचा जो भाग काम करतो तिकडे रक्त जास्त धावते, हिमोग्लोबिनमधल्या ऑक्सिजनचे प्रमाण बदलते आणि परतणाऱ्या प्रकाशात तो बदल दिसतो. इथे जागा बऱ्यापैकी कळते, पण रक्ताची धाव मंद असल्यामुळे उत्तर काही सेकंद उशिरा मिळते. दोन्ही साधने बाळाच्या पेटीपाशी नेता येतात, आवाज करत नाहीत आणि झोपलेल्या बाळावरही चालतात.

प्रश्न विचारण्याची रीतही ठरलेली आहे. एकच ध्वनी पुन्हा पुन्हा ऐकवायचा आणि मध्येच दुसरा घालायचा. मेंदूला दोन्हींत फरक जाणवला, तर वेगळ्या ध्वनीवर त्याचा प्रतिसाद बदलतो. जाणवला नाही, तर आलेख पूर्वीसारखाच चालू राहतो. फिनलंडच्या रिस्तो नॅटॅनेन यांनी १९७८ मध्ये प्रौढांमध्ये या बदलाचे वर्णन केले. या प्रतिसादाला लक्ष देऊन ऐकण्याची गरज लागत नाही, म्हणून तो तान्ह्या बाळांसाठी सोयीचा ठरला. १९९६ मध्ये फिनलंडमध्येच मारी शोर-लुहतानेन आणि सहकाऱ्यांनी गर्भधारणेपासून मोजलेल्या ३० ते ३५ आठवडे वयाच्या अकाली अर्भकांना फिनिश भाषेतले दोन स्वर ऐकवले : एक ‘इ’ आणि दुसरा ओठांचा चंबू करून म्हटलेला ‘इ’. स्वर बदलला की मेंदूचा आलेखही बदलला. हे स्वर लांब आणि ठसठशीत असतात. त्यामानाने व्यंजने क्षणात येतात आणि जातात. खरी कसोटी व्यंजनांची होती.

ती कसोटी फ्रान्समधल्या आमियाँ इथे फाब्रिस वालोआ आणि पॅरिसच्या गिलेन देहेन-लाम्बेर्त्झ यांच्या गटाने घेतली. मेहदी महमूदजादे पहिले लेखक असलेला तो शोधनिबंध २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २८ ते ३२ आठवडे गर्भवयाची १२ अर्भके होती. बाळ झोपलेले असताना डोक्याभोवती प्रकाशाचे स्रोत आणि ग्राहक बसवले होते. ध्वनिक्षेपकातून एकच अक्षर येत राही : ‘ब, ब, ब, ब’. मग कधी शेवटचे अक्षर बदले : ‘ब, ब, ब, ग’. कधी अक्षर तेच राही, पण बोलणारा बदले. पुरुषाच्या ‘ब’नंतर बाईचा ‘ब’ येई, किंवा उलट. मध्ये शांतता असे, म्हणजे रक्तप्रवाह पूर्वपदावर यावा.

या दोन बदलांत मेंदूला करावे लागणारे काम वेगळे आहे. ‘ब’ म्हणताना ओठ मिटून उघडतात, ‘ग’ म्हणताना जिभेचा मागचा भाग टाळूला टेकतो. दोन्ही घोष व्यंजने, दोन्हींनंतर तोच ‘अ’. ओठ किंवा जीभ सुटल्यानंतरच्या पहिल्या काही मिलिसेकंदांत आवाजाच्या उंचीचे पट्टे ज्या दिशेने सरकतात, तेवढ्यावर हा भेद उभा असतो. पुरुष आणि बाई यांच्या आवाजातला फरक मात्र अक्षर संपेपर्यंत टिकतो, कारण तो स्वराच्या मूळ उंचीचा आणि आवाजाच्या पोताचा असतो. एका प्रश्नात ‘काय म्हटले’ हे ओळखायचे आहे, तर दुसऱ्यात ‘कोणी म्हटले’ हे.

दोन्ही प्रश्नांना उत्तर मिळाले. गटातल्या सर्वांत लहान बाळांतही अक्षराचा आणि आवाजाचा बदल नोंदला गेला, आणि त्या नोंदीत कपाळामागच्या फ्रंटल भागाचा खालचा पट्टाही सहभागी होता. उजवीकडच्या फ्रंटल भागाने दोन्ही बदलांना प्रतिसाद दिला. डावीकडच्या भागाने फक्त ‘ब’ चा ‘ग’ झाला तेव्हा. एकूण अक्षरांना उजव्या बाजूचा प्रतिसाद मोठा होता, परंतु टेंपोरल भागाचा मागचा पट्टा याला अपवाद निघाला. तिथे डावी बाजू आधी जागी झाली आणि जास्त वेळ जागी राहिली. बहुतेक प्रौढांमध्ये भाषेचे मुख्य काम डावीकडेच चालते. ज्या मेंदूचे थर अजून पुरते बसलेले नाहीत आणि ज्याच्या पेशी वाटेत आहेत, त्या मेंदूत प्रौढ आराखड्याची ही रूपरेषा जन्माच्या ठरलेल्या वेळेच्या तब्बल तीन महिने आधी सापडली.

यावरून भाषा जन्मजात असते असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. ‘ब’ आणि ‘ग’ यांतला फरक कळणे म्हणजे शब्द कळणे नव्हे. निष्कर्ष इतकाच की ध्वनी वेगळे करण्याची आणि ती कामे मेंदूच्या निरनिराळ्या भागांत वाटून देण्याची व्यवस्था फारसे ऐकण्याआधीच उभी असते. अनुभवाला कोरी पाटी मिळत नाही. ओळी आधीच आखलेल्या असतात. मग प्रश्न उरतो तो असा की, या ओळींवर लिहायला सुरुवात कधी होते, आणि लवकर सुरुवात करून दिली तर अक्षर लवकर सुधारते का?

अकाली जन्मलेल्या बाळाला मोकळ्या हवेतले बोलणे दोन-तीन महिने आधीपासून मिळते. ऐकण्याचा काळच निर्णायक असता, तर हे मूल दुरुस्त वयाच्या मानाने पुढे असायला हवे. चिलीमध्ये मार्सेला पेन्या आणि सहकाऱ्यांनी हे तपासले. २०१० मध्ये त्यांनी स्पॅनिश ऐकत वाढणाऱ्या मुलांना स्पॅनिशबरोबर इतर भाषांतले बोलणे ऐकवून ईईजी नोंदले. ठरल्या वेळेच्या सुमारे तीन महिने आधी जन्मलेली मुले नऊ महिन्यांची झाली, तेव्हा त्यांचा मेंदू पुऱ्या दिवसांच्या सहा महिन्यांच्या मुलांसारखा वागत होता. जास्तीच्या तीन महिन्यांच्या ऐकण्याने त्यांना पुढे नेले नव्हते.

दुसरी चाचणी व्यंजनांची होती, आणि तिची पार्श्वभूमी भारतीय भाषांशी जोडलेली आहे. १९८४ मध्ये जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी कॅनडातल्या इंग्रजी घरांतल्या मुलांना हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले होते. सहा-आठ महिन्यांच्या मुलांना हा भेद कळे. वर्षाच्या आसपास पोचलेल्या मुलांना बहुतेक कळेनासा होई, कारण इंग्रजीत त्याची गरज पडत नाही. मराठी कानाला ‘ताक’ आणि ‘टाक’ हे दोन वेगळे शब्द आहेत, म्हणून मराठी घरातल्या मुलात हा भेद टिकतो. पहिल्या वर्षाच्या अखेरीस परक्या भाषेतले भेद असे गळून पडणे ही मेंदू आपल्या भाषेत मुरू लागल्याची खूण मानतात. पेन्या, वर्कर आणि देहेन-लाम्बेर्त्झ यांनी २०१२ मध्ये दाखवले की, अकाली जन्मलेल्या मुलांत ही गळती जन्मापासूनच्या वयाप्रमाणे लवकर होत नाही. ती मेंदूच्या पिकण्याच्या वेळापत्रकानेच होते. पोटातल्या बाळाला आधीपासून ऐकवून भाषेत पुढे ढकलता येईल, अशी अपेक्षा ठेवून गर्भसंस्काराच्या नावाने जे सांगितले जाते, त्याला या निकालांतून बळ मिळत नाही.

याचा अर्थ ऐकणे वाया जाते असाही नाही. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात अलेक्झांड्रा की, नताली मेत्र आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये नवजात अतिदक्षता विभागातल्या ५० बाळांच्या नोंदी घरी सोडण्याआधी घेतल्या. ती २४ ते ४० आठवड्यांत जन्मलेली होती. त्यांना ‘आ’-‘ऊ’ अशा स्वरांच्या आणि ‘ब’-‘ग’, ‘द’-‘ग’ अशा व्यंजनांच्या जोड्या ऐकवल्या. गर्भवय आणि जन्मानंतरचा काळ या दोन्हींचा परिणाम दिसला, आणि तो स्वरांपेक्षा व्यंजनांत जास्त होता. ३० आठवडे किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळांमध्ये बाहेर जितके जास्त दिवस गेले, तितका ध्वनींतला भेद मेंदूत ठळक झाला. ३० आठवड्यांच्या आत जन्मलेल्यांत मात्र दिवस वाढूनही फरक फारसा वाढला नाही. जन्माच्या वेळी मेंदू एका पातळीपर्यंत तयार असेल, तरच पहिल्या काही महिन्यांच्या ऐकण्याचा लाभ तो उचलू शकतो, असे हा अभ्यास सुचवतो. याच गटाने २०१३ मध्ये असेही मांडले की, अतिदक्षता विभागात असताना मेंदू ध्वनींत किती भेद करतो यावरून पहिल्या दोन वर्षांतल्या भाषेच्या आणि आकलनाच्या वाढीचा अंदाज बांधता येतो.

मेंदूचे वेळापत्रक बदलत नसेल, तरी त्या वेळापत्रकात त्याला काय मिळते याला महत्त्व उरतेच. अतिदक्षता विभाग हा ऐकण्याच्या दृष्टीने विचित्र ठिकाण आहे. मॉनिटरचे इशारे, श्वासाला आधार देणाऱ्या यंत्राची बुडबुड, पेटीच्या पंख्याची घरघर, मध्येच ओढलेले स्टूल. पेटीची काचेसारखी भिंत बाहेरच्या बोलण्यातले उंच आवाज अडवते, पण तिच्यावर कोणी बोटांनी टकटक केली किंवा हात घालायची झडप आपटली तर आत तो आवाज बाहेरच्यापेक्षा कितीतरी मोठा होतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९७ मध्येच अशा विभागात ४५ डेसिबलच्या वरचा आवाज टाळण्याचा सल्ला दिला.

आवाज कमी करणे हा उपायाचा अर्धा भाग झाला. अमेरिकेत प्रॉव्हिडन्स इथल्या मेलिंडा कॅस्की, बेट्टी व्होर आणि सहकाऱ्यांनी १२५० ग्रॅम किंवा त्याहून कमी वजनाने जन्मलेल्या ३६ बाळांच्या सोबत छोटा ध्वनिमुद्रक ठेवून १६-१६ तासांच्या नोंदी घेतल्या. ३२व्या आठवड्यात बाळाच्या कानावर आलेल्या आवाजांत मोठ्यांच्या बोलण्याचा वाटा सरासरी २ टक्के होता, म्हणजे सोळा तासांत जेमतेम वीस मिनिटे. ३६व्या आठवड्यात तो ५ टक्के झाला. बाळे स्वतःही आवाज काढत होती, ठरल्या तारखेच्या आठ आठवडे आधी, आणि आईवडील जवळ असले की ते जास्त निघत. त्याच मुलांच्या २०१४ मधल्या पाठपुराव्यात ३२व्या आठवड्यात तासाला दर १०० जास्तीच्या शब्दांमागे अठरा महिन्यांच्या वयातला भाषेचा गुणांक सुमारे २ अंकांनी वाढलेला आढळला.

अतिशांततेचीही किंमत असते, हे सेंट लुईसच्या रॉबर्टा पिनेडा आणि सहकाऱ्यांच्या २०१४ मधल्या अभ्यासातून पुढे आले. गोंगाटाच्या मोठ्या वॉर्डापेक्षा एकेकट्या बाळाची खोली बरी, असा सर्वांचा कयास होता. ३० आठवड्यांच्या आत जन्मलेल्या १३६ बाळांत मात्र एकेरी खोलीत राहिलेल्यांच्या मेंदूच्या दोन बाजूंतला नेहमीचा फरक कमी आढळला आणि दोन वर्षांच्या वयात त्यांचे भाषेचे गुण कमी पडले. पालकांना फार वेळ येता येत नसेल, तर बंद खोलीत बाळाच्या वाट्याला बोलणे जवळपास येतच नाही.

मग आईचा आवाज मुद्दाम पुरवला तर? बॉस्टनमध्ये अमीर लहाव यांच्या गटाने २५ ते ३२ आठवड्यांत जन्मलेल्या ४० बाळांपैकी निम्म्यांना आईच्या आवाजाची आणि हृदयाच्या ठोक्यांची ध्वनिमुद्रणे दिवसाला तीन तास ऐकवली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात महिनाभरानंतर सोनोग्राफीत त्या बाळांचा ऐकण्याचा कॉर्टेक्स दोन्ही बाजूंना मोठा दिसला. इतर भाग दोन्ही गटांत सारखेच होते. २०२५ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या ४६ अकाली अर्भकांवरच्या चाचणीचे निकाल दिले. रुग्णालयात असताना आईने वाचलेल्या गोष्टीची ध्वनिमुद्रणे ऐकलेल्या बाळांत टेंपोरल आणि फ्रंटल भागांना जोडणारा डावीकडचा कमानदार तंतुमार्ग अधिक पिकलेला आढळला. भाषेसाठी तोच मुख्य रस्ता मानला जातो.

या निकालांची मर्यादाही तितकीच ठळक आहे. बहुतेक अभ्यासांत बाळे मोजकी असतात; फार आजारी बाळे त्यांत घेता येत नाहीत. जास्त बोलणाऱ्या घराचे मूल पुढे जास्त बोलले, तर त्यात घराचे शिक्षण, आईचा वेळ आणि आनुवंशिकता यांचाही हिस्सा असतो. गोष्टीच्या ध्वनिमुद्रणामुळे तंतुमार्ग पिकला, तरी ते मूल शाळेत चांगले वाचेल की नाही हे त्यावरून ठरत नाही. शाळकरी वयात मात्र तफावत दिसते. २०१२ मध्ये अनेक अभ्यासांची एकत्र छाननी करणाऱ्या डच गटाला असे आढळले की, साध्या शब्दसाठ्यात अकाली जन्मलेली मुले थोडी मागे असतात, तर वाक्ये, अर्थ आणि संदर्भ लागणाऱ्या गुंतागुंतीच्या भाषेत ३ ते १२ वर्षांच्या दरम्यान त्यांची अडचण वाढत जाते. तीन वर्षांचे मूल ठीक बोलते म्हणून तपासणी थांबवणे त्यामुळे योग्य नाही.

त्याहून आधीची तपासणी कानांची. वाढलेली कावीळ, जेंटामायसिनसारखी औषधे आणि लांबलेला कृत्रिम श्वास यांमुळे या बाळांत ऐकण्याचा दोष राहण्याचा धोका जास्त असतो. काही बाळांची कॉक्लिया ठीक काम करते, पण पुढे जाणारा मज्जातंतू संदेश नीट पोचवत नाही. अशा बाळात कॉक्लियाची ओएई चाचणी ‘पास’ येते आणि दोष निसटतो. म्हणून अतिदक्षता विभागात पाच दिवसांहून जास्त राहिलेल्या बाळाची बेरा चाचणी, म्हणजे मेंदूच्या देठापर्यंतचा प्रतिसाद मोजणारी चाचणी, करून घेतात. एक महिन्याच्या आत चाळणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत उपचार, असा त्याचा दंडक आहे. महाराष्ट्रासह देशभर २०१३ पासून चालणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे.

बोलणे बाळापर्यंत पोचवण्याचे सर्वांत साधे साधन यंत्रांच्या टंचाईतून आले. १९७८ मध्ये कोलंबियाची राजधानी बोगोटा इथे पेट्या अपुऱ्या पडत असताना एडगर रे सानाब्रिया यांनी बाळांना आईच्या उघड्या छातीवर उभे बांधून ठेवण्याची पद्धत सुरू केली. कांगारू मातृसेवा म्हणून ती आता भारतातल्या सरकारी नवजात कक्षांतही चालते. ऊब आणि दूध यांसाठी ती सुरू झाली. ऐकण्याच्या बाजूने पाहता तिने बाळाचा कान पुन्हा आईच्या छातीच्या हाडाला टेकवला. खर्जातला आवाज शरीरातून येतो, व्यंजने हवेतून. पेटीची भिंत मध्ये उरत नाही. हळू आवाजात, सलग न बोलता थांबून थांबून, बाळ थकल्याची लक्षणे पाहून बोलावे, असे सांगतात.

बाळ घरी आल्यावर वयाची दोन्ही मापे पुन्हा उपयोगी पडतात. अठ्ठाविसाव्या आठवड्यात झालेले मूल वाढदिवसाला ‘बाबा’, ‘दादा’ म्हणत नसेल, तर ते मागे पडले असे ठरवण्याआधी त्याचे दुरुस्त वय नऊ महिने आहे हे पाहावे लागते. मात्र त्याच दिवशी ते हाकेला वळत नसेल किंवा आवाजाच्या दिशेने पाहत नसेल, तर वयाची दुरुस्ती कितीही केली तरी ते दुर्लक्षिता येत नाही. पहिल्या गोष्टीसाठी वाट पाहायची असते आणि बोलत राहायचे असते. दुसरीसाठी कानाची तपासणी करून घ्यायची असते.